'जमना'ने बुडवलेली पाणबुडी 'गाझी' नव्हे

(दर्या, जहाजे आणि दर्यावर्दी यांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे. उत्तरे देणारे नौदलाच्या पाणबुडीविरोधी विभागात सोनारवर (आवाजाच्या पडसादावरून पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर) काम करून निवृत्त झाले असून गुहागरजवळ राहतात.)

प्रश्न : माझे आजोबा लढाईच्या काळात 'जमना' या आरमारी बोटीवर होते. विशाखापट्टणमजवळ आम्ही जपानी पाणबुडी बुडवली, तेव्हा मी कानाला फोन लावून बसलो होतो, असे ते सांगायचे. गावातले लोक त्यांना वेड्यात काढत. विशाखापट्टणमला बुडाली ती पाकिस्तानची 'गाझी', तीही 1971 साली, आणि तेव्हा तुम्ही तर घरी होतात, असे म्हणत. पुढे पुढे आजोबांनी तो विषयच काढणे सोडले. आता ते नाहीत. माझा मुलगा विचारतो, पणजोबांची गोष्ट खरी होती का? त्याला काय सांगू?
— एक वाचक, दाभोळ

उत्तर : खरी होती. मुलाला आजच सांगा, आणि जमले तर गावातल्या त्या मंडळींनाही सांगा.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ, तारीख 11 फेब्रुवारी 1944. कोलंबोहून कलकत्त्याकडे मालवाहू जहाजांचा एक ताफा चालला होता. 'जेसी-36' असा त्याचा क्रमांक. राखणीला तीन लढाऊ जहाजे होती : आपल्या रॉयल इंडियन नेव्हीचे, म्हणजे इंग्रज अमदानीतल्या हिंदुस्थानी आरमाराचे, 'जमना' आणि ऑस्ट्रेलियाची दोन छोटी जहाजे, 'लॉन्सेस्टन' आणि 'इप्सविच'. विशाखापट्टणमच्या दक्षिणेला ताफ्यातल्या 'अ‍ॅस्फेलियन' या ब्रिटिश जहाजाला टॉर्पेडो लागला. जहाज जखमी झाले, माणसे दगावली, पण ते बुडाले नाही. टॉर्पेडो मारणारी पाणबुडी होती जपानची 'आरओ-110'. 'जमना'ने तिचा माग काढून पहिला हल्ला केला, त्यामागोमाग दोन्ही ऑस्ट्रेलियन जहाजांनी केला. पाण्यावर तेलाचा मोठा तवंग आला. पाणबुडी कायमची तळाला गेली आणि आतला एकही माणूस वाचला नाही. अधिकृत नोंदींत हे यश तिन्ही जहाजांच्या नावे आहे. त्यातले एक जहाज तुमच्या आजोबांचे.

'आरओ-110' ही जपानच्या लहान पाणबुड्यांपैकी. लांबी 61 मीटरच्या आसपास, पुढे चार टॉर्पेडो नळ्या. तळ मलायातल्या पेनांगला. पाण्यावर ती ताशी 14 सागरी मैल जाई. पाण्याखाली मात्र बॅटरीवर जेमतेम 8, आणि तेही थोडाच वेळ, कारण बॅटरी उतरली की संपलेच. सुरक्षित खोली 75 मीटर. म्हणजे एकदा का ताफ्याच्या राखणदारांना तिचा सुगावा लागला की तिला धावून निसटता येत नसे. गप्प बसायचे, दिशा बदलायची, आणि वरचा माणूस चुकेल याची वाट बघायची, एवढेच तिच्या हाती.

आता 'कानाला फोन लावून' याविषयी. लोकांना तिथेच शंका येते आणि माझा सारा जन्म त्याच कामात गेला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

त्या काळी सोनारला 'अ‍ॅसडिक' म्हणत. जहाजाच्या तळाशी एक यंत्र असते, ते पाण्यात आवाजाचा एक छोटा ठोका सोडते. वाटेत काही आडवे आले तर त्याचा पडसाद परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. तेव्हा ठोका सोडल्यापासून दोन सेकंदांनी पडसाद आला, तर जाऊन येऊन तीन किलोमीटर झाले, म्हणजे लक्ष्य दीड किलोमीटरवर. आमच्याकडच्या ट्रॉलरवर जो फिशफाइंडर असतो तो याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, की तो खाली बघतो आणि अ‍ॅसडिक चहूकडे बघते.

पण पडसाद सगळ्याचाच येतो. माशांच्या थव्याचा येतो, खडकाचा येतो, बुडालेल्या जुन्या जहाजाचा येतो, देवमाशाचा येतो. शिवाय उथळ किनाऱ्याजवळ तळातली कोळंबी चटचट वाजत असते, तव्यावर फोडणी तडतडावी तशी. या सगळ्यातून पाणबुडी ओळखायची ती कानानेच. लोखंडाचा पडसाद कडक आणि नेमका येतो, थव्याचा पसरट. लक्ष्य आपल्याकडे येत असेल तर परत आलेला सूर किंचित चढतो, लांब जात असेल तर उतरतो. स्थिर खडकाचा सूर तसाच राहतो. त्या बारीकशा फरकावरून पोरगेल्या वयाचा खलाशी वर कप्तानाला सांगतो, 'पाणबुडी आहे, उजवीकडे वळते आहे', आणि अख्खे जहाज त्याच्या शब्दावर वळते. मी शिकलो तेव्हा यंत्रे पुष्कळ सुधारली होती, तरी कोचीच्या शाळेत आमचे उस्ताद आम्हाला डोळे मिटून तासन्‌तास पडसाद ऐकायला लावत. तुमच्या आजोबांच्या वेळी मुंबईत यासाठी खास प्रशिक्षण केंद्र होते, त्याचे नावच मुळी 'मछलीमार'. आजोबा कधी 'मछलीमार'चा उल्लेख करत असतील तर तो नौकेचा किंवा धंद्याचा नसून त्या शाळेचा असावा.

पुढचे काम त्याहून कठीण. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटके भरलेले पिंप. ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने ते फुटते. आत सुमारे 130 किलो दारू, पण पाणबुडीचे कवच फोडायचे तर ते अगदी जवळ, आठ-दहा मीटरच्या आत फुटावे लागे. पिंप पाण्यात सेकंदाला तीनेक मीटर या वेगाने खाली जाते. पाणबुडी 60 मीटर खोल असेल तर तिथवर पोहोचायला वीस सेकंद. तेवढ्यात ती पूर्ण वेगाने 80 मीटर सरकलेली असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, जहाज अगदी जवळ पोहोचले की अ‍ॅसडिकचा झोत पाणबुडीच्या डोक्यावरून निघून जातो आणि ऐन वेळी पडसाद बंद होतो. शेवटचे अंतर अंदाजानेच कापायचे. म्हणून एक पिंप टाकत नसत, पाच किंवा दहा पिंपे चौफेर पसरून टाकत. एक जहाज हल्ला करून पुढे गेले की दुसरे माग धरून ठेवी. त्या दिवशी तिथे तीन जहाजे होती, ही फार मोठी गोष्ट.

या सगळ्यात पाणबुडी कुणालाही दिसत नाही, हे लक्षात घ्या. विमान पडताना दिसते, जहाज बुडताना दिसते. पाणबुडी मारणाऱ्याला दिसते ते फक्त तेल, आणि ऐकू येतो तो एक जादा स्फोट, जो आपल्या पिंपाचा नव्हता. ज्याने कानाने ऐकले त्याला खात्री असते, बाकीच्यांना नसते. तुमच्या आजोबांवर गावाने विश्वास ठेवला नाही याचे मला फार वाईट वाटले, कारण त्यांच्याजवळ दाखवण्यासारखे काही नव्हतेच.

'गाझी'ची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळी. 1971 च्या 3 आणि 4 डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री ती विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. आपल्या 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू जहाजाला शोधायला आणि सुरुंग पेरायला ती आली होती. 'आयएनएस राजपूत'ने टाकलेल्या डेप्थ चार्जने ती गेली असे आपले नौदल सांगते, आतल्या स्फोटाने गेली असे पाकिस्तान सांगतो. म्हणजे त्या एका बंदराबाहेरच्या समुद्रात शत्रूच्या दोन पाणबुड्या, सत्तावीस वर्षांच्या अंतराने बुडालेल्या, पडून आहेत. 'गाझी'वर लेख आले, कार्यक्रम झाले. 'आरओ-110'ची गोष्ट इंग्रज सरकारच्या आरमाराची म्हणून आपण बाजूला ठेवली. पण त्या आरमारातले खलाशी कोण होते? युद्धाआधी रॉयल इंडियन नेव्ही दोन हजार माणसांच्या आतबाहेर होती आणि तिच्यातल्या खलाशांचा मोठा हिस्सा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला, त्यातही कोकणी मुसलमान घरांतला. दाभोळ, बाणकोट, जयगड या खाड्यांच्या काठची ही माणसे. त्यांनी काय केले हे आपणच विसरायचे, तर लक्षात कोणी ठेवायचे?

आणखी एक सांगतो, मुलगा जरा मोठा झाला की त्यालाही सांगा. याच 'आरओ-110'ने 14 डिसेंबर 1943 रोजी आपल्या पूर्व किनाऱ्याजवळ 'डेझी मोलर' हे मालवाहू जहाज बुडवले होते. बुडवून ती थांबली नाही. जीव वाचवायला होड्यांत बसलेल्या माणसांच्या होड्यांवर ती चालून गेली आणि पाण्यातल्या माणसांवर मशीनगन चालवली. जहाजावरचे बहुतेक लोक मेले. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत 'जमना'ने तिला गाठले. पाणबुडीतल्या माणसांच्या मरणाचा आनंद मी कधीच मानला नाही, ती मरणे फार वाईट असतात. पण ताफ्यातल्या जहाजांवर निःशस्त्र खलाशी होते आणि त्यांच्या व त्या मशीनगनच्या मध्ये तुमचे आजोबा कान देऊन बसले होते. याचा अभिमान बाळगायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : युद्धात एका ब्रिटिश जहाजाने पाण्यात पोहणाऱ्या आपल्याच माणसांमध्ये बॉम्ब टाकले, असे वाचनात आले. हे कसे शक्य आहे? असे करायची काय गरज होती?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : योगायोग असा की ही घटना वरच्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशीची, 12 फेब्रुवारी 1944 ची. मोंबासाहून कोलंबोला सैनिक घेऊन पाच जहाजांचा ताफा चालला होता. मालदीवजवळच्या दीड अंश खाडीत 'आय-27' या जपानी पाणबुडीने 'खेदिव इस्माईल' या जहाजाला टॉर्पेडो मारले. जहाज दोन-तीन मिनिटांत गेले. वर 1511 माणसे होती. पूर्व आफ्रिकेचे तोफखान्याचे सैनिक, खलाशी, परिचारिका. 1297 मेली. बायका तर सहाच वाचल्या.

'पेटार्ड' आणि 'पॅलाडिन' या दोन विनाशिका माग काढत आल्या तेव्हा पाणबुडी, पोहणाऱ्या माणसांच्या खालीच कुठेतरी दडली होती. तिला सोडावे, तर उरलेल्या चार जहाजांवर हजारो माणसे होती. पिंपे टाकावीत, तर पाण्यातली माणसे मरणार. पाण्याखालचा स्फोट हवेतल्यासारखा विरत नाही. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे धक्का सरळ शरीरात शिरतो आणि फुप्फुसे व आतडी फाडतो. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. 'पेटार्ड'च्या कप्तानाला हे माहीत होते. त्याने पिंपे टाकायचा हुकूम दिला.

पाणबुडी नुकसान होऊन वर आली. 'पॅलाडिन' तिला धडक द्यायला निघाली. ऐन वेळी तिला वळायला सांगितले गेले, तरी पाणबुडीच्या बाजूच्या पोलादी पंखाने तिचा तळ लांबवर चिरला. तोफगोळे पाणबुडीच्या कवचावरून घसरत होते. शेवटी 'पेटार्ड'ने एकामागून एक टॉर्पेडो सोडले. सहा चुकले, सातवा लागला आणि 'आय-27' फुटली.

तुम्ही 'काय गरज होती' असे विचारता. सोनारवर बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वप्नातही सोडत नाही, कारण 'पाणबुडी इथे आहे' हे वर सांगणारा तोच असतो आणि त्याच्या सांगण्यावरच हुकूम निघतो. तो कप्तान चुकला असे मी म्हणणार नाही. ताफा वाचवणे हे त्याचे काम होते आणि त्याने ते केले. पण ज्यांनी वरच्या कठड्यावरून ते पाहिले ते खलाशी जन्मभर ते विसरू शकले नाहीत, आणि त्यांनी विसरावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. 'पेटार्ड' हे जहाज एरवी मोठ्या मानाचे. 1942 च्या ऑक्टोबरमध्ये भूमध्य समुद्रात 'यू-559' या जर्मन पाणबुडीला तिने वर यायला लावले, तेव्हा तिचा एक अधिकारी आणि एक खलाशी बुडत्या पाणबुडीत उतरून गुप्त लिपीची पुस्तके काढताना तिच्याबरोबरच बुडाले. त्या पुस्तकांनी युद्धाला कलाटणी मिळाली. त्याच जहाजाच्या वाट्याला मालदीवचा तो दिवसही आला.

प्रश्न : आमच्या आजीला लढाईतल्या काळोखाच्या रात्री आठवत. दिवे झाकून बसायचे, म्हणे. आपल्या अरबी समुद्रात खरोखर शत्रूच्या पाणबुड्या होत्या की नुसती भीती?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : होत्या. जपानी होत्या आणि जर्मनही. मुंबईहून 20 नोव्हेंबर 1942 ला 'तिलावा' ही आगबोट पूर्व आफ्रिकेकडे निघाली. तिसऱ्या दिवशी, 23 तारखेला, 'आय-29' या जपानी पाणबुडीने तिला बुडवले. 280 माणसे गेली, 678 वाचली. बहुतेक उतारू आपले, नशीब काढायला आफ्रिकेला निघालेले. गुजराती घरांत ही आठवण अजून जिवंत आहे.

हीच 'आय-29' पुढे 1943 च्या एप्रिलमध्ये मादागास्करजवळ 'यू-180' या जर्मन पाणबुडीला भेटली आणि नेताजी सुभाषचंद्र बोस एका पाणबुडीतून दुसरीत गेले. ज्या पाणबुडीने आपल्या 'तिलावा'ला बुडवले तिनेच आपल्या नेताजींना पूर्वेकडे नेले. शाळेत दुसरी गोष्ट शिकवतात, पहिली शिकवत नाहीत. दोन्ही शिकवायला हव्यात. 'आय-29' अखेर 26 जुलै 1944 ला लुझोनच्या सामुद्रधुनीत अमेरिकेच्या 'सॉफिश' या पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली.

तुमच्या वेंगुर्ल्यापासून जवळच, गोव्यात मुरगावला, पोर्तुगीज तटस्थ असल्याने जर्मन जहाजे अडकून पडली होती. त्यांतल्या 'एरेनफेल्स'वरून पाणबुड्यांना जहाजांची खबर जाते या संशयावरून 1943 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी कलकत्त्याहून माणसे पाठवून रात्री छापा घातला. जर्मनांनी जहाजे स्वतःच बुडवली. तेव्हा दिवे झाकणे ही आजीची नुसती भीती नव्हती. किनाऱ्यावर उजेड असला की त्यापुढून जाणारे जहाज पाणबुडीला बाहेरून स्पष्ट दिसते.

आपल्या आरमाराचा आणखी एक पराक्रम इथेच सांगतो, कारण तो कोणी विचारत नाही. 12 ऑगस्ट 1944 ला सेशेल्सजवळ 'यू-198' ही जर्मन पाणबुडी बुडाली ती ब्रिटिश 'फाइंडहॉर्न' आणि आपली 'गोदावरी' या दोन जहाजांकडून. 66 जण होते, कोणी वाचले नाही.

प्रश्न : वडिलांच्या पेटीत आजोबांची काही युद्धपदके सापडली. ते आरमारात होते एवढेच घरी माहीत आहे. पुढे शोध कसा घ्यावा?
— एक वाचक, मंडणगड

उत्तर : आधी पदके घासून चकचकीत करू नका. गोल पदकाची कड आणि तारा असेल तर त्याची मागची बाजू भिंग लावून बघा. हिंदुस्थानी फौजांना दिलेल्या त्या युद्धाच्या पदकांवर माणसाचे नाव आणि क्रमांक कोरत. तो क्रमांक मिळाला की अर्धे काम झाले. 'बर्मा स्टार' असेल तर बहुधा आजोबा बंगालच्या उपसागरातल्या कामगिरीवर होते. 'इटली स्टार' असेल तर भूमध्य समुद्राकडे गेले असावेत. 1943 च्या जुलैत सिसिलीवरच्या चढाईत 'जमना' आणि 'सतलज' होत्या.

क्रमांक घेऊन रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. घरात नोकरी सोडल्याचा दाखला असेल, बहुधा पेटीतल्या कापडाच्या तळाशी, तर त्यावर प्रत्येक जहाजाचे नाव आणि तारखा लिहिलेल्या असतात. त्याची झेरॉक्स काढा, मूळ कागद कुणालाही देऊ नका. युद्धात दगावलेल्यांसाठी वेगळी सोय आहे. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळजवळ सहा हजार हिंदुस्थानी खलाशांची नावे नोंदलेली आहेत. कोकणातल्या ज्या घरातून कोणी बोटीवर गेला आणि परतला नाही, त्यांनी तिथे एकदा जाऊन नाव शोधावे.

दाभोळच्या वाचकांनाही हेच सांगणे. आजोबांची पदके आणि दाखला असेल तर छायाचित्रे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. 'जमना'वर 1944 च्या फेब्रुवारीत असलेल्या आणखी कुणाच्या घरी काही कागद असतील तर त्यांनीही कळवावे. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवायला मी संपादकांना सांगितले आहे.